तिसरी सही

३० मार्च २०२३ च्या संध्याकाळी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या प्रांगणात डिओर या फ्रेंच फॅशन-पेढीने आपल्या नव्या वस्त्रांचे प्रदर्शन भरविले. गेटवेच्या कमानीसमोर भरतकामाचे एक प्रचंड तोरण उभारले होते. ते मुंबईच्याच चाणक्य या भरतकाम-संस्थेत भारतीय कारागिरांच्या हातांनी तयार झाले होते. निमंत्रितांखेरीज तेथे कोणाला प्रवेश नव्हता. त्याच ठिकाणी, रस्त्याच्या कडेला, छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ पासून उभा आहे. तो घडविणारे शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या परिसरातले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. डोंबिवलीतील त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय मात्र आजही आहे. त्या पुतळ्यावर आवृत्तीचा क्रमांक नाही, तो पाहण्यासाठी निमंत्रण लागत नाही आणि तो कोणाच्या कपाटात बंद करता येत नाही. आजच्या जगात कलावंताच्या हातून निघालेल्या वस्तूच्या वाट्याला जी दोन टोकाची भवितव्ये येतात, ती त्या संध्याकाळी एका चौकात समोरासमोर उभी होती.

पॅरिस-मिलानच्या धनिकांनी कोणत्या चित्रकाराची पिशवी खांद्याला लावावी याच्याशी, सकाळी डोंबिवलीला गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या पुष्कळ वाचकांना पडेल. तो प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या वस्तूंची ही चर्चा आहे त्यांतील टाका, टाच आणि रेघ यांचा मोठा हिस्सा आपल्याच राज्यातील माणसांच्या बोटांतून उतरतो. त्यामुळे हा विषय श्रीमंतांचा छंद म्हणून सोडून देता येत नाही. तो मजुरीचाही विषय आहे.

धंद्याचे स्वरूप थोडक्यात असे. एखादी बडी फॅशन-पेढी एखाद्या नामांकित समकालीन चित्रकाराला हाताशी धरते. त्याच्या चित्रांचे नमुने पिशवीवर, रुमालावर, पादत्राणावर चढविते आणि अशा वस्तू ठराविक संख्येनेच काढल्या आहेत असे जाहीर करते. याला ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणतात. संग्राहक ती वस्तू घेतो आणि बहुधा वापरीत नाही. मूळ पेटीत, मूळ कापडी आवरणात जपून ठेवतो आणि भाव चढला की विकतो. कलावंत आणि शिंपी यांचे सख्य जुने आहे. एल्सा स्कियापरेली आणि साल्व्हादोर दाली यांनी १९३७ मध्ये मिळून केलेला शेवंड्याचा झगा प्रसिद्धच आहे. त्यात थोडी खोडी होती, थोडे बंडही होते. मोठ्या व्यापाराचे रूप त्याला आले ते या शतकात. लुई व्हिताँ या पेढीने २००१ मध्ये स्टीव्हन स्प्राउसकडून, २००३ मध्ये जपानच्या ताकाशी मुराकामीकडून आणि २०१२ व २०२३ मध्ये यायोई कुसामाकडून आपल्या पिशव्या रंगवून घेतल्या. डिओरने २०१६ पासून दरवर्षी निरनिराळ्या चित्रकारांच्या पिशव्यांची मालिकाच सुरू केली.

आता ‘मर्यादित’ या शब्दाचा अर्थ पाहू. मुराकामीच्या नमुन्यांच्या पिशव्या २०१५ मध्ये बंद झाल्या. संग्राहकांनी जुन्या पिशव्यांचे भाव चढविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पेढीने तेच नमुने पुन्हा बाजारात आणले! सोन्याची टंचाई खाणीत असते, हापूसची टंचाई हंगामात असते. या वस्तूंची टंचाई मालकाच्या टेबलाच्या खणात असते, आणि त्या खणाची किल्ली त्याच्याकडेच राहते. २००७-०८ मध्ये लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने मुराकामीचे प्रदर्शन भरविले तेव्हा प्रदर्शनाच्या आतच या पेढीचे दुकान थाटले होते. तेथे विकलेली ‘मर्यादित’ चित्रे वस्तुतः पिशव्यांसाठी छापलेल्या कापडाचे तुकडे चौकटीवर ताणून केलेली आहेत, अशी तक्रार घेऊन एक ग्राहक २००८ मध्ये न्यायालयात गेला. तेच प्रदर्शन ब्रुकलिनच्या संग्रहालयात आले तेव्हा पेढीने दाराबाहेर फुटपाथवरील नकली मालाच्या टपऱ्यांसारख्या टपऱ्या मुद्दाम उभ्या केल्या आणि त्यांत अस्सल पिशव्या विकल्या. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने हेच उलट्या बाजूने केले की त्याच्यावर धाड पडते. तेथील मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ या अक्षरांचा आपल्याकडे सांगितला जाणारा विनोदी अर्थ वाचकांना माहीत आहेच. शेजारच्या गावाची थट्टा करणे सोपे असते. अस्सल आणि नक्कल यांतील भेद जेथे केवळ परवान्याचा उरतो, तेथे थट्टा नेमकी कोणाची होते, हे ब्रुकलिनच्या टपऱ्यांनी दाखवून दिले.

आणि ही ओढ आता धनिकांपुरती राहिलेली नाही. १ नोव्हेंबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात या पेढ्यांसाठी एक भव्य दालन-संकुल उघडले. तेथे ग्राहक म्हणून जाण्याचे सामर्थ्य आपल्या पट्ट्यात थोड्यांचेच असेल. पण त्या आकांक्षेची लहान मापाची आवृत्ती ठाण्याच्या आणि कल्याणच्या मॉलमध्ये हप्त्यांवर मिळते. कलावंताच्या नावाचे ‘मर्यादित’ बूट लॉटरीत नाव घालून मिळवायचे, एकदाही पायात न घालता पेटीत ठेवायचे आणि चढ्या भावाने विकायचे, हा उद्योग चाळीतली मुलेही करू लागली आहेत. त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. ज्या तरुणाला कायमची नोकरी नाही, त्याला बुटाच्या पेटीत भांडवल दिसले तर दोष त्याचा किती? घोडबंदर रस्त्यावरच्या फलकांवर ‘मोजक्याच सदनिका’ अशी अक्षरे त्याच्या वडिलांनाही रोज वाचावी लागतातच.

या पट्ट्याला कापड आणि धागा परका नाही, हेही येथेच नोंदवून ठेवू. ठाण्याच्या पोखरण रस्त्यावर रेमंडची लोकरीची गिरणी होती. आज त्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहिले आहेत. कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. २००९ मध्ये तो बंद पडला आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा लढा पुढे वर्षानुवर्षे चालला. भिवंडीचे माग अजून खडखडतात, पण त्या मागांवर विणलेल्या कापडाला विणणाऱ्याचे नाव कधीच नव्हते. अमर्याद काम करणाऱ्यांच्या वाट्याला आलेली मर्यादा ही अशी.

वस्तूच्या किमतीतून मजुरीला काय मिळते याची माहिती सहसा बाहेर येत नाही. २०२४ मध्ये ती थोडी बाहेर आली, आणि तीही इटलीत. मिलानच्या न्यायालयाने डिओरच्या एका उत्पादक कंपनीवर न्यायालयीन देखरेख बसविली, कारण तिच्या कंत्राटदारांच्या उपकंत्राटी कारखान्यांत मजुरांचे शोषण होत असल्याचे तपासात आढळले. या तपासात समोर आलेला हिशेब असा : जी पिशवी दुकानात सुमारे २,६०० युरोंना विकली जाते, ती जोडून देण्याबद्दल कंत्राटदाराला ५३ युरो मिळत. चामडे आणि इतर साहित्य यांत धरलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते धरूनही उरणारी रक्कम एवढी मोठी आहे की वरकड मूल्य समजावून सांगण्यासाठी अभ्यासवर्गात यापुढे वेगळे उदाहरण शोधावे लागू नये. देखरेख २०२५ च्या आरंभी उठली. युरोपात, जेथे कारखाना-निरीक्षक खरोखर कारखान्यात जातो, तेथे हे घडते. मग आपल्याकडील अड्ड्यांचे काय?

अड्डा म्हणजे जरदोजी आणि आरीकामासाठी कापड ताणून बसविण्याची लाकडी चौकट. तिच्या दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून ओळीने बसतात, मान खाली आणि नजर टाक्यावर. मुंबईतील या कामात उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल येथून आलेले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. युरोपातील बड्या पेढ्यांचे भरतकाम किती प्रमाणात मुंबईच्या लहान-मोठ्या कारखान्यांत होते आणि तेथील सुरक्षा व मजुरी यांची स्थिती काय आहे, यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०२० मध्ये सविस्तर प्रकाश टाकला. त्याआधी २०१६ मध्ये काही पेढ्यांनी कारागिरांच्या स्थितीत सुधारणा करण्यासाठी ‘उत्थान’ नावाचा करार केला होता. तो स्वेच्छेचा होता आणि त्याच्या अटी जाहीर नव्हत्या. कराराची एक बाजू कारागिराची, आणि करारात काय लिहिले आहे ते मात्र कारागिराला ठाऊक नाही!

सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. डिओरने जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात आपले प्रदर्शन भरविले तेव्हा भिंतींवर मनू आणि माधवी पारेख या भारतीय चित्रकार दांपत्याच्या कृती भरतकामात उतरवून लावल्या होत्या. ते काम चाणक्यच्या कारागिरांनी केले, आणि संस्थेचे नाव पेढीने उघडपणे जाहीर केले. या संस्थेची शाळा स्त्रियांना भरतकाम शिकविते. पूर्वापार पुरुषांच्या हातात असलेल्या या धंद्यात ही लहान गोष्ट नाही. पूर्वी एवढेही होत नसे. तथापि चित्रकाराचे नाव आहे, पेढीचे नाव आहे, कारखान्याचे नाव आहे. ज्यांनी महिनोन्‌महिने टाके घातले ते मात्र ‘शेकडो कारागीर’ या दोन शब्दांत मावतात. संग्राहक दोन सह्यांची किंमत देतो. तिसरी सही त्या वस्तूवर कधीच नसते.

हा सगळा प्रश्न महाराष्ट्राच्या अगदी दारात आला तो जून २०२५ मध्ये. इटलीच्या प्राडा या पेढीने मिलान येथे पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात जी पादत्राणे दाखविली ती उघड उघड कोल्हापुरी होती. आरंभी कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा पेढीने उगम मान्य केला. जुलैत तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका १६ जुलै २०२५ रोजी फेटाळली गेली. भौगोलिक निर्देशनाची नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, इतरांना तो अधिकार पोचत नाही, असा तिचा आशय होता. ही नोंद २०१९ ची. तिच्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात, आणि ती महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम महामंडळ यांच्या नावावर आहे. याच दोन महामंडळांनी ११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत प्राडाशी सामंजस्य करार केला. दोन हजार जोडांची मर्यादित आवृत्ती, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, फेब्रुवारी २०२६ पासून जगातील चाळीस दुकानांत विक्री, शिवाय तीन वर्षांचे प्रशिक्षण आणि काही कारागिरांना इटलीत शिकण्याची संधी, असे त्या वेळी जाहीर झाले.

आठशे युरो म्हणजे साधारण चौऱ्याऐंशी हजार रुपये. कोल्हापुरात चांगला जोड हजार-दीड हजारात मिळतो. दोन हजार जोड विकले गेले तर विक्रीची रक्कम सोळा-सतरा कोटी रुपयांच्या घरात जाते. कारागिरांना योग्य मोबदला मिळेल असे सांगण्यात आले. ‘योग्य’ म्हणजे किती, हा एकच आकडा जाहीर झाला नाही.

आपल्यातील काही साथी म्हणतील की हा करारच झिडकारायला हवा होता. मला ते पटत नाही. चप्पल शिवणाऱ्या घराला बहिष्काराचे समाधान नको आहे, मागणी हवी आहे. हिरडा आणि बाभळीच्या सालीत चामडे पकविणारा ढोर समाज आणि ते कापून-शिवून जोड उभा करणारा चर्मकार समाज यांनी जातिव्यवस्थेचा सगळा भार सोसून ही विद्या टिकविली. २०१५ मध्ये राज्यातील गोवंश हत्याबंदी कडक झाल्यावर चामड्याचा पुरवठा आटला आणि भाव वाढले. कृत्रिम चामड्याच्या नकली ‘कोल्हापुरी’ आपल्या स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर ढिगाने आल्या. मुले या धंद्यात राहायला तयार नाहीत. अशा वेळी मिलानहून मागणी आली तर ती परत पाठविण्याचा हक्क ठाण्यात बसून लेख लिहिणाऱ्याला नाही. मागणी घ्यावी, पण करार कारागिराच्या भाषेत, कारागिरासमोर व्हावा. दोन महामंडळांच्या सह्या झाल्या म्हणजे कारागिराची सही झाली, असे मानण्याची सरकारी सवय मोडली पाहिजे.

ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न आणखी एका कारणाने जवळचा आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके याच जिल्ह्यात होते. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठलेला वारली समाज तो हाच. शामराव आणि गोदावरी परुळेकरांचे नाव त्या लढ्याशी जोडलेले आहे. त्या समाजात लग्नाचा चौक पांढऱ्या पिठाने घराच्या भिंतीवर लिहिण्याचा मान सुवासिनींचा. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हा मराठी चित्रकार या पाड्यांवर पोचला, त्याने बायकांच्या हाती कागद दिला; गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तर रोजच चित्रे काढण्यास आरंभ केला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात म्हसे यांची चित्रे होती, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन लाभले. तरीही साडीवर, चादरीवर, हॉटेलच्या भिंतीवर, शीतपेयाच्या जाहिरातीत ती त्रिकोणी माणसे नाचत असतात, आणि ती कोणी काढली हे कोणी विचारीत नाही. येथे कलावंत म्हणजे एकटा माणूस नाही, एक अख्खा समाज आहे. आणि करार लिहिणाऱ्या वकिलाला सहीसाठी एकच माणूस लागतो. म्हसे यांना ओळख मिळाली याचा आनंदच आहे. ज्या सुवासिनींकडून ती रेघ आली, त्यांची नावे मात्र भिंत सारवताना पुसली गेली.

कलावंत आणि कापड यांचा संबंध याखेरीज कसा असू शकतो, याची उदाहरणे आहेत. १९२३-२४ मध्ये मॉस्कोच्या सरकारी कापड-छपाई गिरणीत ल्युबोव पोपोव्हा आणि वार्वारा स्तेपानोव्हा या दोन चित्रकर्त्रींनी नमुने केले. ते संग्राहकांसाठी नव्हते. बाजारात साध्या बाईला वारावर घेता यावे असे ते कापड होते. तेवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या विणकर सेवा केंद्रात देशातील उत्तम चित्रकार हातमागासाठी नमुने करीत. मराठी चित्रकलेत ज्यांचे स्थान फार वरचे आहे ते प्रभाकर बरवे १९६१ पासून कितीतरी वर्षे तेथे नोकरीला होते, त्यांतील काही वर्षे बनारसच्या विणकरांमध्ये. भास्कर कुलकर्णीही त्याच केंद्राच्या परिवारातले. बरव्यांचे एक चित्र आज फार थोड्यांच्या ऐपतीत बसेल. पण केंद्राच्या नमुन्यांवर विणलेले कापड आपल्या आयांनी नेसले, पडदे म्हणून लावले आणि फाटल्यावर त्याची पायपुसणी केली. त्याही व्यवस्थेत विणकराचे नाव नव्हते, हे विसरता कामा नये. मात्र वस्तू वापरण्यासाठी होती, आणि चित्रकाराला विणकराशेजारी बसावे लागे.

आपल्या कायद्यात एक धागा शिल्लक आहे, त्याकडे चळवळीचे लक्ष गेलेले नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५३-अ हे कलम आले. चित्र, शिल्प वा रेखाटन यांची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. व्यवहारात हे कलम बहुतेक कागदावरच राहिले. पण तत्त्व मान्य झाले आहे : वस्तूचा भाव पुढे चढला तर तिच्या कर्त्याचा त्यात वाटा आहे. संग्राहक पेटी न उघडता जो नफा कमावतो, त्यात टाके घालणारीचा आणि चप्पल शिवणाऱ्याचा वाटा का नसावा, याचे उत्तर कायदा देत नाही, कारण कायद्याच्या लेखी ते कर्तेच नाहीत.

हा वाटा गोळा कोण करणार, अशी अडचण सांगितली जाईल. तिचे उत्तर महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये दिले आहे. माथाडी कामगारांना कायमचा मालक नव्हता; रोज नवा व्यापारी, रोज नवे ओझे. तेव्हा कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकांकडून मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळ वसूल करते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी भागते. भरतकाम करणाऱ्यालाही कायमचा मालक नाही. आज डिओर, उद्या दादरचे लग्नाच्या कपड्यांचे दुकान. मर्यादित आवृत्तीची मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येक पेढीने संख्येप्रमाणे लेव्ही भरावी, कारागिरांची नोंदवही मंडळाकडे असावी आणि वस्तूबरोबर जे प्रमाणपत्र संग्राहकाला मिळते त्यावर नोंदवहीतील कारागिराचे नाव छापले जावे. संग्राहकाला नाव आवडतेच. त्याला आणखी एक मिळेल.

प्राडाबरोबरचा करार सरकारी महामंडळांनी केला आहे, म्हणजे तो जनतेचा कागद आहे. आपल्या पट्ट्यातील आमदारांनी विधिमंडळात एवढे विचारावे : प्रत्येक जोडामागे शिवणाऱ्याच्या हाती किती रुपये पडले, पकविलेल्या चामड्याचा भाव ढोर कारागिरांना काय मिळाला, दोन हजारांतील किती जोड कोणत्या गावी झाले, आणि तीन वर्षे संपल्यावर प्राडाने हा नमुना पुन्हा काढला तर महामंडळांना विचारण्याचे बंधन तिच्यावर आहे की नाही. आणि डोंबिवली, कल्याण, मुंब्रा, भिवंडी येथील कार्यकर्त्यांनी सरकारी उत्तराची वाट न पाहता आपापल्या वस्तीत अड्ड्यावर किंवा घरी बसून भरतकाम करणारी घरे किती आहेत, दर टाक्याचा की दर नगाचा, पैसे देणारा ठेकेदार कोण, याची यादी करण्यास सुरुवात करावी. माथाडींच्या कायद्याआधीही माथाडींची यादी कोणीतरी हातानेच केली होती.